शनिवार घरच्यांचा, रविवार शर्यतीचा

साताऱ्यात पावसाचा जोर ओसरू लागला की शनिवारी पुण्या-मुंबईकडून दोन प्रकारची माणसं येऊन थडकतात. एक कासच्या पठारावरची फुलं पाहायला येणारी आणि दुसरी यवतेश्वरचा घाट पळत चढायला येणारी. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. योगायोग असा, की पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर कासचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत लागलं तेही त्याच वर्षी. बहुधा सप्टेंबरच्या सुमाराला, गौरी-गणपतीच्या मागेपुढे येणाऱ्या या शर्यतीला एक तिसरा वर्गही हजेरी लावतो. ज्यांचं माहेर, सासर, आजोळ किंवा निदान एखादी मावशी साताऱ्यात आहे अशी ही मंडळी. भेटही होईल आणि शर्यतही होईल, म्हणून बॅगेत बूट टाकून निघालेली. धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांना हमखास एक सल्ला मिळतो: नातेवाइकांकडे उतरू नका, लॉज घ्या, घरी उतरलात की खाणं बिघडणार, झोप बिघडणार आणि शर्यत हातची जाणार. घरून सूर येतो तो उलटा: दोन दिवसांसाठी येणार आणि त्यातही पळणार, मग येता तरी कशाला? दोन्हीकडे गृहीत एकच आहे, की शर्यतीला जे द्याल ते घराकडून काढून घ्यावं लागतं. हे गृहीत तपासून पाहिलं तर फारसं टिकत नाही. शर्यत शनिवारी घडत नसते. ती आधीच्या दोन-तीन महिन्यांत घडून गेलेली असते. शनिवारी तिच्यासाठी जे करायचं उरतं, म्हणजे बसणं, भात खाणं आणि वेळेवर आडवं होणं, ते मावशीच्या घरी लॉजपेक्षा चांगलं होऊ शकतं.

हे म्हणणं अर्ध मॅरेथॉनबद्दल आहे, पूर्ण मॅरेथॉनबद्दल नाही, आणि हा फरक नुसत्या किलोमीटरचा नाही. पूर्ण मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आलं आणि १९२१ मध्ये ते कायम झालं. त्याचं अर्धं म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, बोलताना आपण एकवीस म्हणतो. अंतर निम्मं म्हणजे त्रासही निम्मा, असा हिशेब शरीरात चालत नाही. धावताना साधारणपणे दर किलो वजनामागे दर किलोमीटरला एक किलोकॅलरी खर्च होते. पासष्ट किलोच्या माणसाला एकवीस किलोमीटरला सुमारे १,३७० आणि बेचाळीसला सुमारे २,७४० किलोकॅलरी लागतात. आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर चार-पाचशे ग्रॅम, म्हणजे सोळाशे ते दोन हजार किलोकॅलरी एवढी असते. हातांच्या स्नायूंतली साखर पायांच्या कामी येत नाही आणि काही ऊर्जा चरबीतूनही मिळते, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही. पण त्यातून दिसायचं ते दिसतं. अर्ध मॅरेथॉन घरातल्या शिलकीत भागते, पूर्ण मॅरेथॉनला ती शिल्लक संपते. तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय भिंतीवर आदळल्यासारखे थांबतात, असं पूर्ण मॅरेथॉनवाले सांगतात ते यामुळे. एकवीस पळालेला माणूस रविवारी दुपारी पंगतीला बसून गप्पा मारू शकतो. बेचाळीस पळालेला बहुतेक वेळा भिंतीला टेकून बसलेला असतो आणि त्याला वाढणारेही जपून वाढत असतात. सामान्य धावणाऱ्याला एकवीस किलोमीटरला दोन ते तीन तास लागतात. म्हणजे पहाटे सुरू झालेली शर्यत घरात नाश्त्याची दुसरी फेरी चालू असतानाच संपलेली असते.

घरच्यांच्या मनात वेळेपेक्षा भीती जास्त असते, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. पळता पळता कोणी कोसळल्याची बातमी दर वर्षी कुठून तरी येतेच. या भीतीला आकडे काय सांगतात ते पाहावं. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात अर्ध आणि पूर्ण मॅरेथॉन पळालेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंचा अभ्यास २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्यांपैकी ५९ जणांचं हृदय शर्यतीत किंवा शर्यत संपताच बंद पडलं आणि त्यातले ४२ दगावले. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण लाखामागे १.०१ होतं, अर्ध मॅरेथॉनमध्ये ०.२७. धोका शून्य नाही. पण अर्ध अंतराचा धोका पूर्ण अंतराच्या जवळपास चौथा हिस्सा आहे. हे आकडे तिकडच्या धावपटूंचे आहेत, आपल्याकडचे नाहीत, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. ज्यांच्या हृदयात आधीपासून दोष होता त्यांचं प्रमाण दगावलेल्यांमध्ये मोठं होतं, हेही त्याच अभ्यासात दिसलं. त्यामुळे चाळिशी उलटलेल्या, घरात हृदयविकार असलेल्या किंवा चालताना छातीत दुखणाऱ्या माणसाने नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांना गाठावं. ताप किंवा जुलाब असताना पळू नये, आणि घरातल्या डब्यातली वेदनाशामक गोळी ‘पाय दुखू नयेत म्हणून’ आधीच घेऊ नये; अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तशा गोळ्यांचा ताण मूत्रपिंडांवर येतो. आईची काळजी आकडे सांगून मिटत नाही. तपासणीचा कागद दाखवला तर थोडी कमी होते.

आता मूळ मुद्द्याकडे. शनिवारी शर्यतीसाठी करण्यासारखं खरोखर किती उरतं? सरावाचा परिणाम अंगात उतरायला दहा-बारा दिवस तरी लागतात. आदल्या दिवशी केलेल्या व्यायामाचा रविवारी फायदा होत नाही, झाला तर थकवाच येतो. म्हणूनच शर्यतीआधी सराव कमी करण्याची पद्धत आहे. तिला धावणारे ‘टेपर’ म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर उपवासाच्या दिवशी येते तशी कळा येते. टेपरविषयीच्या अनेक प्रयोगांचं एकत्र विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. साधारण दोन आठवडे एकूण अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करायचं आणि वेग मात्र तोच ठेवायचा, याने सर्वांत जास्त लाभ होतो असं त्यात दिसलं. म्हणजे शेवटच्या पंधरवड्याचा सगळा भर कमी करण्यावर आहे. शुक्रवारी रात्री पोचलेल्या पाहुण्याने शनिवारी सकाळी ‘पाय मोकळे करायला’ दहा किलोमीटर पळून येणं हे निष्ठेचं लक्षण नाही, घाबरल्याचं लक्षण आहे. ज्याचा सराव झालेला आहे त्याला शनिवारी काही मिळवायचं नसतं, आणि ज्याचा झालेला नाही त्याला शनिवारी काही मिळणार नसतं. दोघांनीही घरात बसावं.

बसावं आणि खावं. हे खाण्याचं शास्त्र कुठून आलं ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६६ मध्ये स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोन संशोधकांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. एकाच सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकच पाय पेडलवर ठेवला. एक पाय पार थकेपर्यंत चालवला, दुसरा नुसता लोंबकळत. मग तीन दिवस दोघांनी भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि मांडीत सुई घालून स्नायूचे तुकडे काढून तपासले. थकलेल्या पायात आरामातल्या पायापेक्षा जवळपास दुप्पट ग्लायकोजेन साठलं होतं. तेव्हापासून लांब पल्ल्याचे धावपटू आधी साखर रिकामी करायची आणि मग ठासून भरायची, असा आठवडाभराचा जाच सहन करत आले. पुढच्या प्रयोगांनी हा जाच अनावश्यक ठरवला. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रयोगात सरावलेल्या पुरुष खेळाडूंना एक दिवस दर किलो वजनामागे दहा ग्रॅम कर्बोदकं दिली आणि हालचाल करू दिली नाही. चोवीस तासांत त्यांच्या स्नायूंतली साखर जवळजवळ कमाल पातळीला गेली. आठ जणांचा प्रयोग आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण त्याने सांगितलेलं वेळापत्रक वाचून हसू येतं: दिवसभर भाताचे ढीग खा आणि जागचे हलू नका. आपल्याकडे यालाच पाहुणचार म्हणतात.

पासष्ट किलोच्या माणसाला दहा ग्रॅमच्या हिशेबाने साडेसहाशे ग्रॅम कर्बोदकं लागतील, म्हणजे निव्वळ भातावर भागवायचं तर आठशे ग्रॅमच्या आसपास कोरडा तांदूळ. तेवढं वाढताना आजीसुद्धा हात आखडता घेईल. अर्ध मॅरेथॉनला त्याची गरजही नाही. रोजच्यापेक्षा भाताचा एखादा वाढप जास्त आणि तेल-तूप थोडं कमी एवढं बहुतेकांना पुरतं. पंगतीत काय घ्यायचं आणि काय टाळायचं याचा विचार मात्र करायला हवा, कारण नातेवाइकांकडे उतरू नका म्हणणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच आहे. पण ताट नीट पाहिलं तर तो आक्षेप अर्धाच खरा निघतो. वरण-भात, बटाट्याची भाजी, गूळ, शिरा, साध्या पोळ्या हे सगळं धावणाऱ्याच्या बाजूचं. मोदकाची पारी तांदळाची, सारण गूळ-खोबऱ्याचं. दोन मोदक वरून तुपाची धार न घेता खाल्ले तर कुठलाही आहारतज्ज्ञ तक्रार करणार नाही. पुरणपोळीतली कणीक आणि गूळ बाजूचे, हरभऱ्याची डाळ मात्र विरोधातली. घाट चढताना पोटात गुबारा धरला की तिची आठवण होते. कराडकडचा आख्खा मसूर, मोडाच्या मटकीची उसळ, भाजणीचं थालीपीठ, ज्वारीची भाकरी हे एरवीचं उत्तम अन्न. पण त्यातला चोथा शर्यतीच्या आदल्या रात्री नको, तो रविवार दुपारसाठी राखून ठेवावा. रश्श्यावरची तर्री आणि तळलेलं तसंच: ते पोटातून हळू सरकतं आणि पहाटे पाचलाही तिथेच असतं. पहाटे घरातले प्रेमाने साबुदाण्याची खिचडी करून देतात. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, तो चालतो. त्यातलं दाण्याचं कूट आणि तूप त्या वेळी चालत नाही. केळं आणि चहा पुरे. कंदी पेढा मेडल गळ्यात पडल्यावर. आणखी एक: ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. त्यामुळे शनिवारी रात्री काटा किलो-दीड किलो जास्त दाखवू शकतो. ती चरबी नव्हे, दुसऱ्या दिवसाची शिदोरी आहे.

झोपेचा आक्षेप याहून नाजूक आहे. परक्या अंथरुणात झोप लागत नाही, रात्री अकरापर्यंत गप्पा रंगतात, कोणाचं तरी बाळ रडतं, आणि गजर असतो पहाटे चारचा. हे सगळं खरं आहे. पण शर्यतीच्या आदल्या रात्री स्वतःच्या घरातही किती जणांना नीट झोप लागते? लॉजवर उतरलेला माणूस अपरिचित खोलीत एकटाच छताकडे बघत असतो. एखाद्या रात्री दोन-तीन तास झोप कमी झाली तर स्नायूंची किंवा हृदयाची क्षमता फारशी घसरत नाही. पळणं जड वाटतं, कंटाळा लवकर येतो, एवढं होतं. अनेक रात्री झोप कमी पडली तर मात्र परिणाम दिसतो. म्हणून अनुभवी धावपटू शनिवारपेक्षा गुरुवार-शुक्रवारची झोप सांभाळतात, आणि त्या दोन रात्री बहुतेक वेळा आपल्याच घरच्या असतात. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्री उशिरा निघून मध्यरात्री दीड वाजता साताऱ्यात दार ठोठावणं हे शनिवारच्या गप्पांपेक्षा जास्त महागात पडतं. त्यापेक्षा शनिवारी सकाळी निघावं. पुण्याहून साताऱ्याचं अंतर एकशेदहा-एकशेवीस किलोमीटर आहे. जेवायच्या वेळेला आरामात पोचता येतं, वाटेत बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागदही घेता येतो. बहुतेक मोठ्या शर्यतींत बिब आणि टायमिंग चिप आदल्या दिवसापर्यंतच मिळते, त्यामुळे शनिवारी तिथे असणं तसंही भाग असतं.

खरी अडचण झोपेची नाही आणि खाण्याचीही नाही, ती पायांची आहे. ‘घरी आराम’ या दोन शब्दांत जो आराम आहे तो मराठी घरात दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही. सकाळी काकांकडे, दुपारी आत्याकडे, मधे बाजारपेठेत खरेदी, संध्याकाळी भाचरांना घेऊन अजिंक्यताऱ्यावर. रविवारी पळायचंय म्हणून शनिवारीच कासला जाऊन येऊ, असंही कोणीतरी सुचवतं आणि मग पठारावर तीन तास उभ्याने जातात. हा आक्षेप मान्य करावा लागतो, कारण तासन्‌तास उभं राहणं आणि गडाच्या पायऱ्या उतरणं हे पोटऱ्या आणि मांड्यांना दुसऱ्या दिवशी जाणवतंच. पण यावर उपाय लॉज हा नाही. कार्यक्रमांचा क्रम बदलला की काम होतं. बसून होणाऱ्या भेटी शनिवारी आणि हिंडण्याचे बेत रविवारी दुपारनंतर, असा उलटा क्रम लावता येतो. पळून आल्यावर सपाटीवर सावकाश चालणं पायांना बरंच असतं. किल्ल्याच्या पायऱ्या मात्र त्या दिवशीही नकोत. आत्याकडे चहाला जाऊन दोन तास खुर्चीत बसणं हा शर्यतीआधीचा उत्तम व्यायाम आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

आता दुसऱ्या बाजूचा, म्हणजे घरच्यांचा आक्षेप. वर्षातून चार वेळा येणारा मुलगा किंवा मुलगी त्यातली एक खेप शर्यतीच्या तारखेला जोडते, तेव्हा आई-वडिलांना प्रश्न पडतो, की हे आपल्याला भेटायला आले की घाटाला? याचं उत्तर तासांच्या हिशेबाने देण्यात अर्थ नाही, कारण तास गेलेले नसतातच. सकाळचे चार ते दहा हा वेळ पाहुण्यांच्या घरात असाही झोपण्यात, अंघोळीच्या रांगेत आणि पेपर वाचण्यात जातो. जातं ते लक्ष. शनिवारी संध्याकाळी पंगतीत बसलेला माणूस फोनवर हवामान बघतो, बिबचा फोटो ग्रुपवर टाकतो, उद्या कोणता पेसर, म्हणजे ठरलेल्या वेगाने पळणारा सोबती, पकडायचा याची चर्चा करतो आणि समोर वडील काही सांगत असतात ते अर्धवट ऐकतो. घरच्यांची तक्रार धावण्याबद्दल वाटते, पण बरेचदा ती या अर्धवटपणाबद्दल असते, आणि ती रास्त आहे. शनिवारी शर्यतीसाठी करण्यासारखं फार थोडं उरतं, हे आधी सांगितलेलं इथे उपयोगी पडतं. ज्या चिंतेतून शर्यतीत एक मिनिटही वाचणार नाही, तिच्यासाठी फोन हातात धरायचं काही कारण नाही. कपडे, बिब, बूट, सेफ्टी पिना आणि केळं एकदा दारापाशी मांडून ठेवलं की पुढचे पाच तास घरच्यांचे.

या चर्चेत एक गोष्ट सहसा बाजूला पडते: पाहुणा पुरुष आहे की बाई, यावर सगळं बदलतं. जावई पहाटे चारला उठून पळायला निघाला तर त्याचं कौतुक होतं, सासू उठून चहा टाकते. सून त्याच घरात तशीच निघाली तर चहा कोण टाकणार हा पहिला प्रश्न असतो, आणि तो मोठ्याने विचारला जातोच असं नाही. गौरीच्या दिवसांत सासरी गेलेल्या बाईचा शनिवार ओट्यापाशी उभ्याने जातो. मघाशी ज्याला विश्रांती म्हटलं ती तिला मिळत नाही, आणि रविवारी ती पळते तेव्हा ती घरातल्या इतरांपेक्षा एक दिवसाचं काम जास्त घेऊन पळते. त्यामुळे ‘शनिवार घरच्यांना द्या’ हा सल्ला तिला जसाच्या तसा देणं हा अन्याय होईल. तिने तो बहुधा मागितल्याशिवायच दिलेला असतो. तिच्या बाबतीत उलट मागणी करायला हवी, आणि ती नवऱ्याने करायला हवी: शनिवारी संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे, रविवारचा नाश्ता माझ्याकडे. बायकांनी पळण्याचं सातारा जिल्ह्याला अप्रूप नाही. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. पण आपल्या जिल्ह्यातल्या मुलीचा अभिमान वाटणं आणि आपल्या सुनेला शनिवारी दुपारी झोपू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहेरी उतरणाऱ्या बाईला हे सगळं सोपं जातं, आणि पहिली अर्ध मॅरेथॉन पळायची असेल तर माहेरच्या गावची शर्यत निवडावी, हा सल्ला म्हणून वाईट नाही.

पाहुणा म्हणून पळणाऱ्याने एक गोष्ट मात्र सोडावी, आणि ती म्हणजे स्वतःचा विक्रम. पीबी (पर्सनल बेस्ट) काढायचाच असेल तर त्यासाठी सपाट रस्ता आणि थंड हवा असलेली शर्यत निवडावी, साताऱ्यासारखी नाही. इथे शहरातून बाहेर पडलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो आणि बराच वेळ तो संपत नाही. हवेत ओलावा, मधूनच पावसाची सर, ढगात हरवलेली वळणं. चढावर घड्याळातला वेग पाहण्यात अर्थ नसतो. श्वास बोलता येईल इतपत राहील अशा बेताने चढावं आणि गरज पडली तर चालावं. नव्वद मिनिटांहून जास्त पळणाऱ्याने तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं पाहावं, मग ते जेल असो, गुळाचा खडा असो की केळं. पाणी तहान लागेल तसं. घरून निघताना ‘भरपूर पाणी पी हं’ असं बजावलेलं असतं, पण अति पाणीही घातक असतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलं होतं, आणि पळताना वजन वाढलेल्या, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलेल्या मंडळींना हा धोका अधिक होता. चढ संपून परतीचा उतार लागला की नवखे सुटतात. इथेच सोमवारची बेगमी होते. चढताना मांडीचे स्नायू आखडून जोर लावतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन तोलतात, आणि या दुसऱ्या प्रकारच्या कामात त्यांच्या धाग्यांना बारीक इजा होते. तिची वेदना लगेच येत नाही. चोवीस ते बहात्तर तासांत ती वाढत जाते. रविवारी दुपारी हसत-खेळत जेवलेला माणूस मंगळवारी ऑफिसचा जिना कठड्याला धरून उतरतो तो यामुळे. यावर उपाय आहे, पण तो शनिवारी करता येत नाही: शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी एकदा तरी उतारावर बऱ्यापैकी पळून घ्यावं. स्नायू तो धडा लक्षात ठेवतात आणि पुढच्या उताराला कमी दुखतात. पुण्यात राहणाऱ्यांना सिंहगडाचा रस्ता आहे, मुंबईकरांनी एखादा घाट शोधावा.

परतीचा विचार कमी लोक करतात. रविवारी संध्याकाळी सातारा-पुणे महामार्गावर खंबाटकी घाटापासून गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. पहाटे चारला उठलेल्या, एकवीस किलोमीटर पळालेल्या आणि दुपारी पुरणपोळी जेवलेल्या माणसाने अशा वेळी स्टिअरिंग हातात घेऊ नये. डोळ्यांवर झापड येते, आणि क्लच दाबताना पोटरीत गोळा आला तर सांभाळणं कठीण. गाडी दुसऱ्याने चालवावी, नाहीतर एसटीने यावं. रजा शिल्लक असेल तर रविवारची रात्र तिथेच काढून सोमवारी सकाळी निघावं, यासारखी चैन नाही. घरच्यांना एक जेवण जास्त मिळतं आणि पायांना एक रात्र.

घरात त्याच रविवारी बारसं, साखरपुडा किंवा श्राद्ध असेल तर मात्र शर्यतीचा विचार सोडावा. कोणी कितीही ‘जा, जा’ म्हटलं तरी. मंडपातून सकाळी चार तास गायब झालेला माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो, आणि शर्यत तर पुढच्या वर्षीही असते. बाकीच्या वेळी घरी सांगण्यात उशीर करू नये. नोंदणी शर्यतीच्या कित्येक महिने आधी सुरू होते, चांगल्या शर्यतींच्या जागा लवकर भरतात, आणि एकदा भरलेली फी बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. तेव्हा आधी घरी फोन करून त्या शनिवार-रविवारी कोणाचं काय आहे ते विचारा, आणि फॉर्म त्यानंतर भरा.